खेळाडूंच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या: अकादमीने कोणती घ्यावी, कोणती नको

नवी बॅच सुरू झाली की क्रीडा अकादम्यांकडे 'खेळाडूंचं व्यक्तिमत्त्व तपासून देतो' म्हणणारे येऊ लागतात. कुणी संगणकावरची प्रश्नावली देतं, कुणी रंगीत आलेखांचा जाडजूड रिपोर्ट, तर कुणी थेट बोटांचे ठसे घेऊन मुलाला कोणता खेळ मानवेल ते सांगतं. पालक फी भरतात आणि रिपोर्ट फायलीला लागतो. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या किंवा विकल्या जाणाऱ्या चाचण्यांचं हे परीक्षण आहे. कसोटी एकच ठेवली आहे: निकाल हातात आल्यावर प्रशिक्षकाला उद्याच्या सरावात काही वेगळं करता येतं का?

निकाल आधीच सांगून टाकतो. सोळा वर्षांवरच्या खेळाडूंसाठी 'आयपिप' या मोफत विधानसंग्रहातली पन्नास विधानांची पंचघटक (स्वभावाचे पाच घटक मोजणारी) प्रश्नावली आणि तिच्या जोडीला मार्टेन्सची 'स्कॅट', म्हणजे स्पर्धेच्या चिंतेची चाचणी, हा संच सर्वांत कामाचा. छपाईपलीकडे खर्च जवळपास नाही. सोळा घटक मोजणारी '१६ पीएफ' दर्जेदार आहे, पण ती वाचणारा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ सोबत असेल तरच घ्यावी. माणसांना सोळा 'टाइप'मध्ये बसवणाऱ्या चाचण्या संघासाठी नकोत. ठशांवरून व्यक्तिमत्त्व सांगणारं पॅकेज कुणीच घेऊ नये. आणि खेळाडू निवडण्यासाठी किंवा वगळण्यासाठी यातली एकही वापरू नये.

शेवटच्या वाक्यावर अकादमीचालक हमखास अडतात, म्हणून ते आधी मोकळं करू. मानसशास्त्रज्ञ कॅटेल आणि आयसेंक यांच्या गुणविशेष सिद्धान्तांचं म्हणणं असं की माणसात काही तुलनेने स्थिर प्रवृत्ती असतात आणि त्या मोजता येतात. अमेरिकेत १९६०च्या दशकात याच भरवशावर खेळाडूंच्या चाचण्यांची लाट आली. ऑगिल्वी आणि टटको यांची १९० प्रश्नांची 'अ‍ॅथलेटिक मोटिव्हेशन इन्व्हेंटरी' व्यावसायिक संघांपर्यंत पोचली. पुढे अभ्यासकांमध्ये सरळ दोन तट पडले. चाचणीवरून यश सांगता येतं असं एका तटाचं म्हणणं, तर अजिबात सांगता येत नाही असं दुसऱ्याचं. क्रीडा मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी १९८० मध्ये या वादाची मांडणी केली, तेव्हा सत्य या दोन टोकांच्या मध्ये आहे हे स्पष्ट झालं होतं. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं की वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोन्हींतून घडतं. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी आणखी एक बाजू दाखवली: मुलं आजूबाजूच्यांना बघून वागायला शिकतात, आणि शाबासकी कशाला मिळते यावर ते वागणं टिकतं. एकच मुलगा सरावात धीट आणि जिल्हा स्पर्धेत गप्प असतो, तेव्हा त्याच्या प्रश्नावलीत चूक नसते. परिस्थिती बदललेली असते आणि ती प्रश्नावलीत मावत नाही.

मानसशास्त्रज्ञ हॉलंडर यांचं व्यक्तिमत्त्वाचं १९६७चं त्रिस्तरीय चित्र इथे फार उपयोगी पडतं. सर्वांत आत माणसाचा गाभा, म्हणजे मूल्यं, श्रद्धा, स्वतःविषयीची धारणा. त्याबाहेर नेहमीच्या प्रतिक्रिया. सर्वांत बाहेर भूमिकेनुसार वर्तन, म्हणजे कर्णधार म्हणून वेगळं, घरी धाकटा म्हणून वेगळं. लेखी चाचणीची पोच मुख्यतः मधल्या थरापर्यंत असते. चाचणी घेताना प्रशिक्षक समोर उभा असेल तर तीही राहत नाही, कारण मग उत्तरं बाहेरच्या थरातून येतात: 'आदर्श खेळाडू' काय म्हणेल ते मुलगा लिहितो.

आता एकेक चाचणी घेऊ.

'१६ पीएफ' म्हणजे रेमंड कॅटेल यांची सोळा घटकांची प्रश्नावली. पहिली आवृत्ती १९४९ची. पाचवी आवृत्ती १९९३ची असून तिच्यात १८५ प्रश्न आहेत. कागदावर सोडवायला साधारण ३५ ते ५० मिनिटं लागतात. निकाल 'स्टेन' गुणांत मिळतो: १ ते १० ची पट्टी, सरासरी ५.५, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) २. सोळा प्राथमिक घटकांवर पाच व्यापक घटक बसवलेले आहेत. उत्तरं मुद्दाम गोड करून लिहिली आहेत का, नुसतं 'हो' म्हणत सुटलं आहे का, हे तपासायची सोय आतच आहे. हा मोठा गुण, कारण निवडीच्या हंगामात मुलं गोडच उत्तरं लिहितात.

तिचा रिपोर्ट वाचताना मात्र बहुतेक ठिकाणी घोळ होतो. विश्वसनीयता (मोजमाप किती भरवशाचं; पूर्ण भरवसा म्हणजे १) ०.८ धरली तरी स्टेनमध्ये मोजमापाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण सहज इकडेतिकडे होण्याचं माप, सुमारे ०.९ येते. म्हणजे एकाला ६ आणि दुसऱ्याला ७ मिळाले तर त्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही. ४ ते ७ हा पट्टा सर्वसाधारण मानतात आणि बहुसंख्य खेळाडू त्यातच पडतात. तरीही रिपोर्टमध्ये प्रत्येक घटकाला एक परिच्छेद छापलेला असतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सोळा गोष्टी कळल्या. वाचायची योग्य पद्धत अशी: आधी वैधता मापिका (मापिका म्हणजे एकच गोष्ट मोजणारा प्रश्नांचा गट; ही उत्तरं प्रामाणिक आहेत का ते दाखवते), मग पाच व्यापक घटक, आणि प्राथमिक घटकांपैकी फक्त १-३ किंवा ८-१० मध्ये गेलेले. व्यापक 'चिंता' घटक वर असेल तर तो कशामुळे वर गेला ते पाहावं. भावनिक स्थैर्य कमी आहे, संशयी सावधपणा जास्त आहे, स्वतःला दोष देण्याची सवय आहे, की नुसता ताण? या चारांचे उपाय वेगवेगळे आहेत. स्वतःला दोष देणाऱ्या यष्टिरक्षकाशी झेल सुटल्यावर बोलायची पद्धत निराळी आणि सतत ताणात असलेल्या यष्टिरक्षकाशी निराळी.

मर्यादा दोन. एक, ही चाचणी १६ वर्षांपासून पुढच्यांसाठी आहे. १४ वर्षांखालील संघाला ती देऊन आलेख काढणारा विक्रेता भेटला तर व्यवहार तिथेच थांबवावा. दुसरी, चाचणी पात्रता असलेल्यांनाच विकली जाते आणि प्रत्येक रिपोर्टमागे पैसे लागतात. मानसशास्त्रज्ञाची फी धरली तर पंचवीस जणांच्या संघाला हा खर्च जड जातो. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या चार-पाच खेळाडूंसाठी, सोबत सविस्तर मुलाखत असेल तर, पैसे वसूल होतात.

आयसेंक यांची 'ईपीक्यू' ही व्यक्तिमत्त्व प्रश्नावली बी.पी.एड., एम.पी.एड.च्या प्रबंधांत वर्षानुवर्षं वापरली जाते. १९७५च्या आवृत्तीत ९० हो-नाही प्रश्न आहेत. सुधारित आवृत्तीची छोटी प्रत ४८ प्रश्नांची, प्रत्येक मापिकेला १२. हिचं बळ तिच्यामागच्या सिद्धान्तात आहे. आयसेंक यांच्या मते अंतर्मुख माणसाच्या मेंदूची उत्तेजनपातळी मुळातच वर असते, बहिर्मुखाची खाली. सामन्यापूर्वी ढोल, घोषणा आणि आरडाओरडा करून सगळ्या संघाला एकाच मापाने पेटवणाऱ्या प्रशिक्षकाने हे जरूर विचारात घ्यावं: चढाईला जाणाऱ्या एखाद्या खेळाडूला त्याची गरज असते, दुसऱ्याचा तोल त्यानेच जातो. रायफल किंवा धनुर्विद्येत हा फरक आणखी महागात पडतो. पण चाचणी म्हणून अकादमीत ती टाळावी, कारण तिसऱ्या मापिकेचं नावच 'सायकोटिसिझम' आहे. पालकांच्या हातात तो शब्द असलेला कागद पडला की पुढची सहा महिने कुणी खेळाबद्दल बोलत नाही. त्या मापिकेवर जास्त गुण म्हणजे आजार नव्हे, हे समजावून सांगणारं माणूस दरवेळी जवळ नसतं.

आयपिप-५० ला जास्त जागा देतो, कारण ती मोफत आहे आणि लोकांना माहीत नाही. लुईस गोल्डबर्ग यांनी उभारलेला हा विधानांचा खुला संग्रह आहे. वापरायला, छापायला, भाषांतर करायला परवानगी लागत नाही. पन्नास विधानं, पाच घटक, प्रत्येकी दहा: बहिर्मुखता, सहमतशीलता, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य आणि कल्पकता. प्रत्येक विधानाला १ ते ५, म्हणजे प्रत्येक घटकाचे गुण १० ते ५० च्या दरम्यान. दहा-बारा मिनिटांत होते.

गुणांकनात चूक होते ती उलट्या विधानांची. 'मी माझ्या वस्तू कुठेही टाकतो' अशा विधानाला ५ दिले असतील तर कर्तव्यदक्षतेत ते ६ वजा ५, म्हणजे १ धरायचे. स्प्रेडशीटमध्ये उलट्या विधानांचे स्तंभ आधीच वेगळ्या रंगाने भरून सूत्र लावून ठेवा. हाताने करू नका. दुसरी खोड बारीक आहे. याच संग्रहातली वीस विधानांची छोटी आवृत्ती चौथा घटक उलट दिशेने मोजते, म्हणजे जास्त गुण तिथे अस्थैर्य दाखवतात. पन्नासच्या आवृत्तीत जास्त गुण म्हणजे स्थैर्य. दोन्ही निकाल एकाच तक्त्यात टाकले तर सर्वांत शांत मुलगी सर्वांत अस्वस्थ दिसेल.

भाषांतर स्वतः करत असाल तर एकाने मराठीत आणावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून तपासावेत. नकारार्थी विधानं मराठीत फार फसतात. 'मला सहसा वाईट वाटत नाही' याला 'अजिबात लागू नाही' असं उत्तर द्यायचं म्हणजे नेमकं काय, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कळत नाही. 'मी बहुधा आनंदात असतो' असं सरळ लिहिता आलं तर तसंच लिहावं. भाषांतर केल्यावर परदेशी तक्त्यांतल्या सरासऱ्या लावू नयेत. आपल्याच खेळाडूंचे गुण साठवत जावेत. शंभरेक नोंदी झाल्या की निदान आपल्या गटात कोण वरच्या चतुर्थांशात आणि कोण खालच्या, इतकं सांगता येतं, आणि सरावासाठी तेवढं पुरतं.

पाचांपैकी सरावाच्या गुणवत्तेशी सर्वांत जवळचं नातं कर्तव्यदक्षतेचं. इथे कमी गुण असलेल्या खेळाडूला 'बेशिस्त' ठरवून मोकळं होऊ नये. त्याला लेखी वेळापत्रक, छोटी रोजची उद्दिष्टं आणि डायरी तपासणारं कुणीतरी लागतं, एवढाच त्याचा अर्थ. भावनिक स्थैर्य कमी असेल तर चुकीनंतरच्या दहा सेकंदांत काय करायचं याची ठरलेली कृती शिकवावी: श्वास सोडणं, एक शब्द, पुढच्या चेंडूकडे नजर. बहिर्मुखता कमी असेल तर चूक सर्वांसमोर सांगू नये, बाजूला घेऊन सांगावी. सहमतशीलतेचा निकाल कर्णधाराच्या निवडीसाठी वापरण्याचा मोह होतो, तो आवरावा.

आता स्कॅट. या परीक्षणातली सर्वांत छोटी आणि माझ्या मते सर्वांत जास्त मोबदला देणारी चाचणी. रेनर मार्टेन्स यांनी ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. सर्वसाधारण चिंता मोजण्याऐवजी तिने खेळाच्या स्पर्धेपुरती चिंता मोजायला घेतली. म्हणजे गुणविशेष घेतला, पण तो परिस्थितीशी बांधून, आणि तिचं यश त्यातच आहे. १५ विधानं, तीन पर्याय: क्वचित, कधीकधी, वारंवार. मोठ्यांची आणि १० ते १४ वयोगटाची अशा दोन प्रती आहेत. खेळाडूला दिल्या जाणाऱ्या कागदावर मूळ इंग्रजीत 'चिंता' हा शब्दच नाही; शीर्षक 'इलिनॉय स्पर्धा प्रश्नावली' असं आहे. मराठी प्रत छापतानाही 'स्पर्धा प्रश्नावली' एवढंच लिहावं. 'चिंता चाचणी' असं वर छापलं की पैलवान मंडळी सगळीकडे 'क्वचित' करून कागद परत देतात.

पंधरापैकी १, ४, ७, १०, १३ ही पाच विधानं नुसती भरती आहेत, त्यांचे गुण धरत नाहीत. उरलेल्या दहांत क्वचितला १, कधीकधीला २, वारंवारला ३. फक्त ६ आणि ११ उलटी, कारण ती शांत आणि निवांत वाटण्याबद्दल आहेत. एकूण १० ते ३०. १७ च्या खाली कमी, १७ ते २४ मध्यम, २४ च्या वर जास्त, असा ढोबळ अर्थ लावतात. एखाद्याने दहांतलं एक विधान सोडलं तर नऊंची सरासरी काढून दहाने गुणावी; दोन किंवा जास्त सुटली तर तो कागद बाद.

उलटी विधानं विसरली तर काय होतं ते आकड्यांत पाहा. एका खो-खोपटूचे आठ सरळ विधानांचे गुण ३, ३, २, २, ३, २, २, ३, म्हणजे २०. सहाव्याला 'कधीकधी', म्हणजे २. अकराव्याला 'क्वचित', म्हणजे उलट करून ३. बेरीज २५, वरचा गट. अकरावं उलट करायचं राहिलं तर तिथे १ पडतो, बेरीज २३ होते आणि ज्या मुलीला मदत हवी ती 'मध्यम' म्हणून निसटते. गुणांकन दोघांनी वेगवेगळं करून ताडून पाहावं, दहा मिनिटांचं काम आहे.

स्कॅटचा खरा दोष हा की ती सगळी चिंता एका आकड्यात कोंबते. पोटात गोळा येणं आणि 'माझ्याकडून चूक होईल' असं वाटत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर श्वसन आणि स्नायू शिथिलीकरण चालतं. दुसरीवर स्वसंवाद, म्हणजे स्वतःशी ठरवून बोलणं, आणि खेळण्याआधीच्या कृतींचा ठरलेला क्रम. ज्यांना हा भेद हवा त्यांनी 'सॅस-२' घ्यावी. २००६ची ही प्रश्नावलीही १५ विधानांची आहे, पण तिच्यात शारीरिक चिंता, काळजी आणि लक्ष विचलित होणं अशा पाच-पाच विधानांच्या तीन मापिका आहेत, आणि नऊ वर्षांपासूनच्या मुलांना ती झेपते. लहान गटांसाठी मी स्कॅटपेक्षा हिलाच वरचा क्रमांक देईन.

हंगामात एकदा स्कॅट किंवा सॅस-२ आणि महत्त्वाच्या स्पर्धेआधी तासाभरात त्या वेळची चिंता मोजणाऱ्या 'सीएसएआय-२ आर'ची १७ विधानं, ही जोडी छान बसते. पहिलीतून नेहमीची प्रवृत्ती कळते, दुसरीतून त्या दिवसाची अवस्था. दोन्हींत चिंता वर दिसली तर काम चिंता आवरण्याच्या तंत्रावर करायचं. नेहमीची खाली आणि त्या दिवशीची वर असेल, तर त्या दिवशी काय घडलं ते विचारायचं: प्रवास, दुखापत, घरची अडचण, गर्दीत बसलेलं कुणी.

'पॉम्स' ही भाव-अवस्थेची चाचणी व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणून विकली जाते ते चूक आहे. १९७१ची मूळ चाचणी ६५ शब्दांची. मॉर्गन यांचा प्रसिद्ध 'हिमनग' आलेख हिच्यातूनच आला: यशस्वी खेळाडूंत उत्साह सरासरीच्या वर, आणि ताण, खिन्नता, राग, थकवा, गोंधळ खाली. तिची २४ शब्दांची छोटी आवृत्ती 'ब्रम्स' पाच मिनिटांच्या आत होते. जड सरावाच्या आठवड्यांत आठवड्यातून एकदा घ्यावी. एका आकड्याकडे न पाहता त्या खेळाडूच्या स्वतःच्या मागच्या आलेखाशी तुलना करावी. थकवा चढत आणि उत्साह उतरत दोन-तीन आठवडे गेले तर सरावाचा भार कमी करण्याची वेळ आली आहे.

सोळा टाइप सांगणाऱ्या 'एमबीटीआय' आणि तिच्या ऑनलाइन नकलांबद्दल थोडक्यात. गुणविशेष मोजले की बहुतेक माणसं मधल्या भागात येतात. ही पद्धत नेमकी तिथेच सुरी चालवून अंतर्मुख-बहिर्मुख अशा पेट्या करते. मध्यरेषेजवळचा खेळाडू काही आठवड्यांनी पुन्हा बसला की सहज दुसऱ्या पेटीत जातो. चाचणी बाळगणारी संस्था स्वतःच निवडीसाठी ती वापरू नका म्हणते. शिबिरात गप्पा सुरू करायला हरकत नाही, पण 'हा अमुक टाइप, याला शेवटचं षटक देऊ नका' असा वापर दिसला तर तो थांबवला पाहिजे.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी, स्वभाव आणि योग्य खेळ सांगणारं 'डीएमआयटी' हे पॅकेज शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावांतही विकलं जातं. ठशांच्या रेषा जन्माआधीच ठरलेल्या असतात. त्यांचा जिद्दीशी, चिंतेशी किंवा संघभावनेशी संबंध दाखवणारा स्वीकारार्ह पुरावा नाही, आणि इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही याला शास्त्रीय आधार नसल्याची भूमिका घेतली आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला 'वैयक्तिक खेळ जमणार नाही' असं छापील कागदावर सांगणं तिच्यावर अन्याय आहे. शून्य गुण.

चाचणी कोणतीही असो, ती घेण्याच्या पद्धतीवर निकालाचं मोल ठरतं. संघनिवडीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. प्रशिक्षकाने खोलीबाहेर राहावं. मुलांना एकमेकांचा कागद दिसणार नाही असं बसवा आणि 'पहिलं मनात येईल ते लिहा, बरोबर-चूक काही नाही' एवढंच सांगा. जोरदार सरावानंतर लगेच घेऊ नका; थकलेला मुलगा सगळीकडे मधला पर्याय करतो. ओळीने सगळीकडे मधलाच पर्याय दिसला तर तो कागद वाचू नका, त्याच्याशी बोला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. माहिती संगणकात साठवणार असाल तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही पालकांच्या संमतीची अट आहे. निकाल खेळाडूला आधी, एकट्यात, आणि एका पानात. भिंतीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटावर कधीही नाही.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. चाचणीचं मूळ नाव आणि आवृत्ती कोणती? कोणत्या वयासाठी? तुलनेसाठी वापरलेले नॉर्म्स (सरासरीचे तक्ते) कोणत्या गटाचे? आणि निकाल समजावून सांगणाऱ्याची मानसशास्त्रातली पदवी काय? पहिल्याच प्रश्नावर 'ही आमची स्वतःची खास पद्धत आहे' असं उत्तर आलं, तर विश्वसनीयतेचे आकडे लेखी मागा. ते मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.